नऊ नंबरची पाठ

‘आणि मग पाठीवर दोन थापा,’ रंगराव म्हणाला, आणि इंद्रायणीचं पेन थांबलं.

डिसेंबरातली रविवारची दुपार होती. चिंचवड स्टेशनच्या अलीकडच्या त्यांच्या दोन खोल्यांत ऊन अर्ध्या चटईपर्यंत आलं होतं. ती पाटावर वही ठेवून लिहीत होती आणि तिचा नवरा भिंतीला पाठ लावून सांगत होता. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. ‘विमानात आमची दहा जणांची रांग असायची,’ तो म्हणाला होता. ‘प्रत्येकाच्या पाठीवर उडीची छत्री. पण आपल्या पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, मागच्यालाच दिसतं. म्हणून मागच्याने बघायचं. पट्टे, बक्कल, दोरी. बघून झालं की दहाव्याने ओरडायचं, दहा नंबर ठीक, आणि नवव्याच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. मग नवव्याने ओरडायचं, नऊ नंबर ठीक, आणि आठव्याच्या पाठीवर. असं दारापर्यंत. मी नऊ नंबर होतो. दहा नंबर दत्तोबा.’

‘मग दहाव्याची छत्री कोण बघायचं?’ तिने विचारलं. हा प्रश्न तिच्या कामाच्या सवयीतून आला. कुठल्याही साखळीचं मोकळं टोक तिला आधी दिसे.

‘मीच. मागं वळून. त्याची आधीच बघून ठेवायची.’ आणि तो हसला. ‘दत्तोबा म्हणायचा, नीट बघ राव, न्हाईतर आई आकुर्डीवरनं चालत येऊन तुझी गचांडी धरील.’

साडेसात वर्षांच्या संसारात हे हसू तिने पाहिलं नव्हतं. पण पेन त्यामुळे थांबलं नव्हतं. थांबलं ते थापांमुळे. दोन बोटं, खांद्यांच्या दोन हाडांच्या बरोबर मधे, एकापाठोपाठ एक. ती जागा तिला माहीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या घरातून ती कॉलेजात जायला निघाली, उंबऱ्यापाशी पिशवी खांद्याला लावली, आणि मागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तिच्या पाठीवर पडली. टक् टक्. ती वळली तेव्हा तो आत गेलेला होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिने कधी विचारलं नाही, कारण ज्या माणसाला जेवण आवडलं की नाही हेही शब्दांत सांगता येत नाही, त्याची ही भाषा असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. इंटर सायन्सनंतर सासरच्यांनी पुरे म्हटलं तेव्हा याच माणसाने तिला पुढे बी. एस्सी. ला घातलं होतं, एका शब्दानेही उपकार न दाखवता. परीक्षेच्या सकाळी थापा. ताप उतरून पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा थापा. पेनिसिलीनच्या कारखान्यात दोघांना नोकऱ्या मिळाल्या, तिला प्रयोगशाळेत, त्याला फाटकावर, त्या पहिल्या दिवशीही थापा. सुट्या आणि आजारपणं वजा जाता दोन हजारांवर झाल्या असतील. इतर बायकांना मिळतं तसं काही तिला मिळालं नव्हतं. गजरा नाही, लाडाचं नाव नाही. तिने त्याचं दुःख केलं नाही. तिच्याजवळ हे होतं, आणि ते फक्त तिचं होतं.

‘लिहिलंस?’ रंगरावाने विचारलं.

‘लिहिते,’ ती म्हणाली आणि तिने लिहिलं. दहा नंबर, दत्तोबा.

हे सगळं एका पत्राने सुरू झालं होतं. पुण्याला कॅम्पात राहणारे कोणी निवृत्त कॅप्टन उद्धवराव भोइटे पॅराशूट ब्रिगेडच्या महायुद्धातल्या कामगिरीचा इतिहास लिहीत होते. टाइप केलेल्या पत्रात मागितलं होतं की मणिपूरच्या डोंगरात संगशकच्या टेकडीवर जे हजर होते त्यांनी आपण पाहिलेलं लिहून पाठवावं. खाली दोन ओळी होत्या: ज्या मृत अगर बेपत्ता जवानांविषयी त्यांच्या सोबत्यांचं निवेदन येईल त्यांचीच नावं पुस्तकात घेता येतील, महिनाअखेर मजकूर छापखान्यात जाईल, नंतर आलेलं घेता येणार नाही. रंगरावाने ते पत्र चार दिवस खिशात ठेवलं. मग एका संध्याकाळी ताटावरून उठता उठता म्हणाला, ‘तू लिहिशील का? मी सांगतो.’ त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट त्या टेकडीवर निकामी झालं होतं. डाव्या हाताने सहीपुरतं येई. तिला आनंद झाला होता. खरंच झाला होता. तिने नवी वही आणली, पेनात शाई भरली. बायकोला आयुष्यात एकदाच मिळावी अशी ही आत जायची वाट आहे, असं तिला वाटलं होतं. आत गेल्यावर तिथे आधीच कोणी बसलेलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि तो बोलू लागला. बोलत राहिला. चकलाल्याच्या तळावर उड्या शिकलो, तिथल्या पहिल्या उडीला दत्तोबाने डोळे मिटले आणि खाली येऊन सांगितलं की उघडे होते. विमानातून उतरायला शिकवलेली ही खास निवडलेली ब्रिगेड, आणि लढाईला गेली ती पायी, याचं दत्तोबाला किती हसू येई. टेकडीवर हातभर खणलं की खडक लागे, म्हणून खंदकात बसलं तरी छाती उघडी. काटेरी तार नाही. पाणी नाही. विमानं वरून पाणी आणि दारूगोळा टाकत, पण टेकडी एवढीशी, निम्म्याहून जास्त छत्र्या वाऱ्याने पलीकडे जपान्यांकडे जात; एकच वैमानिक असा होता की झाडांच्या शेंड्यांना घासत यायचा आणि अचूक टाकायचा. त्याचं विमान आलं की दत्तोबा म्हणायचा, आला आपला भाऊजी. बाटलीच्या बुचाने पाणी मोजून प्यायचे, एक बूच याला, एक बूच त्याला. दत्तोबा आपलं बूच ओठाला लावायचा आणि न पिता परत बाटलीत ओतायचा. हे रंगरावाच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. तिथे रंगरावाचा आवाज जरा बदलला. इंद्रायणी लिहीत होती. तिचं अक्षर एकसारखं होतं, ओळी सरळ होत्या. आपण तहानलेलो असताना हा माणूस कधी आपल्याकडे असं बघेल का, याचा ती विचार करत होती, आणि स्वयंपाकघरात पाण्याने भरलेला माठ होता.

सहाव्या दिवसाशी तो थांबला. त्या रात्री तळ सोडायचा हुकूम आला होता. चालता येईल त्यांनी निघायचं. ज्यांना हलवता येत नाही त्यांना ठेवून जायचं. दत्तोबाच्या कंबरेत गोळी होती, तो पालथा होता. ‘मी त्याच्याजवळ बसलो,’ रंगराव म्हणाला. ‘तो म्हणाला, पाठ कर. मी पाठ केली. त्याने माझे पट्टे चाचपले. पाठीवर छत्री नव्हतीच, नुसती पिशवी. तरी चाचपले. दहा नंबर ठीक, म्हणाला. आणि दोन थापा. मी नऊ म्हणायला पाहिजे होतं. आवाज आला नाही. उठलो आणि चालू लागलो.’ मालगाडी लोणावळ्याकडे गेली, सगळे डबे जाईपर्यंत खिडकीची काच थरथरत राहिली. मग तो म्हणाला, ‘हे शेवटचं लिहू नकोस. हे फक्त तुला सांगितलं.’

तिने तेवढं लिहिलं नाही. त्याने आपल्याला काही दिलं आहे, हे तेव्हा तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या डोक्यात एक निराळाच हिशोब जुळत होता. साताऱ्याला कचेरीत जागा होती. ती सोडून त्याने इथली नोकरी का धरली? ‘तुझ्या शिक्षणाचं चीज होईल,’ असं तो म्हणाला होता, आणि ती दीड वर्ष त्या वाक्यावर जगली होती. चिंचवडहून आकुर्डी किती, चालत पाऊण तास. आकुर्डीत दत्तोबाची आई राहत होती. शालनबाई पांढारकर. महिन्यातून दोनदा भाजी घेऊन यायची आणि तिला सूनबाई म्हणायची. गावाकडची म्हातारी, सगळ्यांनाच म्हणत असेल, असं इंद्रायणीला आजवर वाटत आलं होतं.

सोमवारी ती कामावर गेली. उंबऱ्यापाशी थापा पडल्या तेव्हा तिची पाठ आक्रसली. रस्ताभर तिला ती जागा जाणवत राहिली, उसना पदर घेतल्यासारखी. प्रयोगशाळेत तिचं काम मोजण्याचं होतं. काचेच्या पसरट बशीत आगरचा जेलीसारखा थर, त्यात जंतू सारखे पसरलेले, दुधाळ, गढूळ. थरावर बोटाच्या पेराएवढं पोलादी नळकांडं, त्यात औषधाचे थेंब. रात्रभर उबेत राहिलं की सकाळी नळकांड्याभोवती एक स्वच्छ गोल दिसे. तेवढ्या जागेत काहीही वाढलेलं नसे. गोल जितका मोठा तितकं औषध जोरदार. ती कॅलिपर लावून गोलाची रुंदी मोजत होती आणि तिला वाटलं, आपण इतकी वर्षं याच कडेवर वाढलो. तो शांत आहे, तो अबोल आहे, त्याचा स्वभावच असा, म्हणत त्या गोलाची कड म्हणजेच माणूस संपला असं धरून चाललो. मधे नळकांडं आहे हे पाहिलंच नाही. दुसरी बाई असती तर सोपं गेलं असतं. तिला नाव ठेवता आलं असतं, तिचं वय वाढलं असतं, ती जाडी झाली असती. हा दत्तोबा बावीस वर्षांचा आहे, आणि बावीसचाच राहणार. त्याने आपल्या वाटचं पाणी बाटलीत परत ओतलं आहे. याच्या वरताण काय करायचं बायकोने?

‘काय गं, तेवीसच्या जागी बत्तीस?’ शेजारच्या टेबलावरून सुमनताईंनी वही पुढे सरकवली. प्रत्येक मोजणी दुसऱ्याने ताडून बघायची असे, आणि इंद्रायणीच्या मोजणीत दीड वर्षात काही सापडलं नव्हतं. ‘एवढा गोल बशीत मावेल तरी का? नवऱ्याशी भांडून आलीस?’

‘नाही हो ताई.’

‘मग भांड. भांडून आलेल्या बायका बरोबर मोजतात, मी बघितलंय.’

इंद्रायणी हसली. मग तिने तिथला नियम पाळला. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख, आणि ज्याने ताडून पाहिलं त्याचीही सही. रबर नाही, ब्लेड नाही, पान फाडणं तर नाहीच. रुजू झाल्या दिवशी सुमनताईंनी सांगितलं होतं, चूक लपवली की ती औषधात जाते. सुमनताईंनी सही केली. आपल्या मनात काय चाललंय ते यांना सांगावं, असं क्षणभर इंद्रायणीला वाटलं. पण सांगायचं काय? माझा नवरा एका मेलेल्या माणसावर माझ्याहून जास्त जीव टाकतो, आणि मला ते सोसत नाही. हे वाक्य तिने मनात नीट मांडून पाहिलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. किळस आली तरी वाक्य तसंच राहिलं.

बुधवारी संध्याकाळी कणीक मळून झाकून ठेवली आणि ती पक्की प्रत काढायला बसली. मोठे कागद, काळी शाई. पहिलं पान सरळ उतरलं. दुसऱ्या पानावर नाव आलं. तिने वहीकडे पाहिलं, तिथे ‘दत्तोबा’ होतं, आणि कागदावर लिहिलं, ‘एक जवान’. लिहून झाल्यावर ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. खोटं काही नव्हतं. जवान होताच तो. वाचणाऱ्याला कोण दत्तोबा, कुठला, काय माहीत. शिवाय कागदी भाषेला हेच शोभतं. असली कारणं ओळीने आली आणि तिने ती सगळी बाजूला केली, कारण खरं कारण तिला ठाऊक होतं. पत्रातल्या त्या दोन ओळीही ठाऊक होत्या. नाव नाही तर पुस्तकात जागा नाही. पहिल्यांदा लिहिताना हात गरम झाला होता. चौथ्यांदा काही वाटलं नाही. एका जवानाने आपलं पाणी बाटलीत परत ओतलं. एका जवानाच्या कंबरेत गोळी लागली. अकरा ठिकाणी नाव होतं, अकराही ठिकाणी ते गेलं. चार पानं झाली. बोटाला शाई लागली होती ती तिने राखेने घासून काढली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

‘वाचून बघा ना,’ गुरुवारी सकाळी ती रंगरावाला म्हणाली. खरं तर तिला ते मनापासून हवं होतं. त्याने वाचावं, ओरडावं, हात उगारावा, काहीही करावं. रंगरावाने कागद पाटावर सरळ केले आणि डाव्या हाताने सावकाश सही केली.

‘तू लिहिलंस,’ तो म्हणाला. ‘त्यात काय वाचायचं?’

पाकीट शनिवारी टाकायचं ठरलं. शुक्रवारी ती चारला घरी आली तेव्हा शालनबाई पायरीवर बसलेली होती. उन्हाने रापलेली, अंगाने वाळकी बाई, नाकाला न शोभणारं मोठं नथीचं भोक आणि मांडीवर हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचं गाठोडं.

‘आलीस का सूनबाई. घे, शेंडं खुडून आनल्यात. डाळ घालून कर, रंगाला आवडतंय.’

‘या ना आत, मावशी. ते सहाला येतील.’

‘त्याच्याकडं न्हाई काम. तुज्याकडंच हाय.’ शालनबाई आत आली आणि हात पदराला पुसून चटईच्या कडेला बसली. ‘कागूद झाला म्हनं. काल सांगून गेला. मला बघायचाय.’

इंद्रायणीने कपाटातून पाकीट काढलं. अजून चिकटवलं नव्हतं. ‘वाचून दाखवू?’ तिने विचारलं.

‘वाचू नगं बाई. वाचलंस की ऐकावं लागंल. मला निस्तं नाव दाव. कुटं हाय त्ये. बोट ठिव माजं त्याच्यावर.’

तिने पुढे केलेलं बोट आखूड होतं, पेरात चीर पडून तिच्यात माती बसलेली. इंद्रायणीने ते धरलं. आत्ता सांगता आलं असतं. शाई संपली, दुसरी प्रत आहे, उद्या या. तिने दुसरं पान उलगडलं आणि ते बोट ‘एक जवान’वर ठेवलं.

‘ह्ये?’

‘हो.’

‘दोन तुकडं दिसत्यात.’

‘नाव... आणि आडनाव.’

शालनबाईने बोट उचललं नाही. शब्दावरून हळूच फिरवलं, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसं. ‘साळंत मास्तरनं पाटीवर काडून दिलं व्हतं त्याचं नाव,’ ती म्हणाली. ‘चुलीम्होरं बसून गिरवायचा. म्या भाकरी थापायची आन बगायची. समदं न्हाई ध्येनात, पयलं अक्षर हाय. असं खाली येतंय, पोट काडतंय आन जाताना वाकडं शेपूट.’ तिने चटईवर बोटाने द काढला, बरोबर काढला. मग कागदाकडे पाहिलं. कागदावर तसलं काही नव्हतं. म्हातारीने पुन्हा एकदा चटईकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे, आणि मान डोलावली. ‘तुमचं निराळं असतंय. शिकल्याली मानसं. मास्तर काय, सातवी पास व्हता.’

बाहेर कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘आन किती येळा हाय?’

‘अकरा,’ इंद्रायणी म्हणाली. एवढंच तिने खरं सांगितलं.

‘अकरा,’ शालनबाई म्हणाली. ती बोटांवर मोजू लागली, दहापाशी बोटं संपली तेव्हा हसली. ‘लई झालं. रंगाचं उपकार हायेत बग. सगळं करतोय माजं. येक इचारू? त्यो आला की भिताडाला पाठ लावूनच बसतोय. मोकळा बसतच न्हाई. अंगनात बाज टाकली तर बाज भिताडाला सारतोय. पाठ दुकती का त्याची?’

‘नाही,’ इंद्रायणी म्हणाली. ‘दुखत नाही.’

शालनबाई गेल्यावर पाल्याचं गाठोडं तिथेच पडून राहिलं. इंद्रायणी रंगरावाच्या भिंतीकडे बघत होती. तिथे, जमिनीपासून हात-दीड हातावर, चुन्यात एक मळकट डाग पडला होता. दोन्ही दिवाळ्यांना तिने त्यावर चुना दिला होता आणि दोन्ही वेळा तो पुन्हा पडला होता. एस. टी. त तो मागच्या बाकावर बसे. साताऱ्याला तंबूतल्या सिनेमात शेवटच्या रांगेत, कनातीला टेकून. फाटकावरची नोकरी त्याला आवडायची. तिथे चौकी होती, चौकीला भिंत होती. त्याची शिस्त म्हणून, सवय म्हणून तिने ते कधीच बाजूला टाकलं होतं. आणि तिला ते न लिहिलेलं शेवटचं आठवलं. पाठ कर. हे फक्त तुला सांगितलं. मत्सर तिच्या पोटात होता तिथेच होता, उलट आता त्याला धार आली होती. पण त्याच्या शेजारी ते मातीने भरलेलं बोटही होतं, आणि त्या बोटाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. कागदावर दिसत नाही ते अक्षरही त्याने शिकलेल्यांच्या नावावर जमा करून टाकलं होतं.

नवे कोरे कागद कपाटात होते. सहाच्या आत दुसरी प्रत झाली असती, कोणाला कळलंही नसतं. तिने कागद बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले. मग पेन उघडलं आणि ‘एक जवान’वर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, दत्तोबा पांढारकर. बाजूला सही, इं. रं. घार्गे, आणि तारीख. असं अकरा वेळा. जिथे वाक्य मोडत होतं तिथे वाक्यही तसंच रेघ मारून सुधारलं. पानं कुरूप झाली. एवढी कुरूप पानं तिने आयुष्यात कुठे दिली नव्हती.

रंगराव आला, हातपाय धुतले, चहा घेतला. तिने कागद त्याच्यासमोर ठेवले. ‘परत सह्या लागतील. प्रत्येक दुरुस्तीपाशी. आणि या वेळी वाचून करा.’

तो भिंतीशी बसून वाचू लागला, डावा अंगठा ओळीखालून सरकवत. दुसऱ्या पानावर अंगठा थांबला. तिसऱ्यावर थांबला. चारही पानं संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

‘एक जवान,’ त्याने रेघेखालचं वाचलं. ‘आधी हे होतं?’

‘हो.’

‘माझी सही झाली तेव्हा?’

‘हो.’

‘चुकून?’

हा शब्द त्याने तिच्यासाठी ठेवला होता, हे तिला कळलं. तो उचलला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

‘नाही,’ ती म्हणाली.

त्याने कागद पाटावर ठेवून सरळ केले. ‘नव्या कागदावर लिहिता आलं असतं,’ शेवटी म्हणाला.

‘आलं असतं.’

‘मग?’

‘आमच्याकडे खोडलेलं दिसावं लागतं.’

त्याने सह्या केल्या. डाव्या हाताने अकरा सह्या करायला त्याला बराच वेळ लागला. मधे एकदा त्याने बोटं उघडून मिटून घेतली. ती पाला निवडत बसली आणि निबाचं कुरकुरणं ऐकत राहिली. का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याजवळ उत्तर होतं, गेले पाच दिवस ती तेच घोकत होती. जेवताना तो भाजी चांगली झालीय म्हणाला. असं तो पूर्वी कधी म्हणाला नव्हता, आणि परक्या घरी जेवायला आलेला माणूस म्हणतो तसं ते म्हणणं होतं.

शनिवारी सकाळी पाकीट तिच्या पिशवीत होतं. पोस्टात टाकून कामावर जायचं होतं. तिने पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्यापाशी रोजच्यासारखी उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. आत भांड्याचा आवाज झाला, मग चपलांचा. ती वाट बघत होती. सोमवारपासून जी जागा तिला उसनी वाटत होती, ती आता उघडी पडल्यासारखी गार लागली. थापा पडल्या नाहीत. रंगराव तिच्या बाजूने पुढे गेला, ‘चल,’ म्हणाला आणि बाहेरच्या दाराचा अडसर काढायला वाकला.

त्याची पाठ तिच्यासमोर आली. हा खाकी शर्ट तिने शेकडो वेळा धुतला होता, इस्त्री केला होता, खांद्यापाशी उसवला तेव्हा शिवला होता. आत माणूस असताना तो मागून कधी पाहिला नव्हता. खांद्यांच्या दोन हाडांमधे कापडाला एक सैल घडी पडली होती. तिने पट्टा पाहिला. सरळ होता. कॉलरची मागची कड दुमडली होती, ती नीट केली. मग उजव्या हाताची दोन बोटं त्या घडीवर ठेवली आणि थाप मारली. एक, आणि दुसरी. थापांआधी म्हणायचं वाक्य तिला माहीत होतं, पण ते तिचं नव्हतं.

अडसरावरचा हात तसाच राहिला. कारखान्याचा पहिला भोंगा झाला, लांबला, थांबला. त्याची पाठ तिच्या बोटांखाली हळूहळू ताठ होत गेली, पाय जुळले.

‘नऊ नंबर ठीक,’ तो म्हणाला.

इंजिनाच्या घरघरीवरून मागच्यापर्यंत पोचावा असा तो आवाज होता, फक्त फार हळू. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ते कोणाला म्हटलं गेलं, हे तिला समजलं. त्यात तिची चूक व्हायची शक्यता नव्हती. पोटातला मत्सर जिथल्या तिथे होता, मोजला असता तर कालच्याइतकाच भरला असता. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं आणि कामावर जाणारी माणसं दिसू लागली होती. तिने बोटं काढली नाहीत.